अर्ध्या ‘र’साठी

शिवकन्या राठोडला खुर्चीत बसलेली पाहिल्याचं आखाडा बाळापुरात कुणाला आठवत नव्हतं. टायपिंग शिकवणारी बाई म्हणजे हातात घड्याळ धरून टेबलाशी बसणारी, असा लोकांचा समज. पण बसस्टँडमागच्या गल्लीतल्या तिच्या ‘सामकी माता टंकलेखन केंद्रा’त एकच खुर्ची होती आणि तिच्यावर तिची पर्स बसायची. ती स्वतः मशिनींच्या दोन रांगांमधून येरझाऱ्या घालत राहायची. बारा मशिनींच्या खडखडाटात एखाद्या पोरीचं बोट चुकीच्या कळीवर पडलं, तर पाठमोरी असतानाही तिला आवाजावरून कळायचं. मग ती तिथूनच ओरडायची, “तिसऱ्या मशिनीवर कोण हाय? शिफ्ट काहून सोडली न्हाई?”

तिचा जन्म सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याजवळच्या एका तांड्यावरचा. वडील भीमसिंग, आई भिकाबाई, आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ प्रेमदास. घरात सगळे बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायचे. मराठी तिला भेटली ती आश्रमशाळेत, पुस्तकातून आणि गुरुजींच्या छडीतून. तिसरीत असताना तिनं निबंधात ‘डोंगरदऱ्या’ हा शब्द ‘डोंगरदर्या’ असा लिहिला. गुरुजींनी तिला मारलं नाही, वर्गाला वाचून दाखवलं. “दर्या म्हणजे समुद्र. हिनं डोंगरात समुद्र आणला बघा!” सगळा वर्ग हसला. छडीचे वळ उतरले असते. हसणं उतरलं नाही. त्या दिवसापासून तिला त्या अर्ध्या र-चं, ‘य’च्या आणि ‘ह’च्या आधी कोयत्यासारखा आडवा लागतो त्या र-चं, वेडच लागलं. कुठं पाटी दिसली, पत्रिका दिसली, की आधी तिची नजर तिथं जायची.

दहावी झाल्यावर ती हिंगोलीला टायपिंग शिकली, मराठीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ओमप्रकाशशी लग्न होऊन बाळापूरला आली आणि शहाण्णव साली जुन्या मशिनी गोळा करून तिनं वर्ग काढला. तीन वर्षांनी हिंगोली जिल्हा झाला. नवी कार्यालयं आली, टंकलेखकांच्या जागा निघणार असं जो तो म्हणू लागला आणि तिचे वर्ग सकाळी सहापासून भरू लागले. मग जागा निघण्याआधी कॉम्प्युटर आले. पोरं विचारायला लागली, “मॅडम, तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय का?” ती बेचैन झाली. नांदेडहून तीन जुने कॉम्प्युटर आणले, शिवणयंत्रांच्या टेबलांवर मांडले.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात ते तिन्ही एकाच आठवड्यात आजारी पडले. पोरांच्या फ्लॉपीतून कुठून कुठून विषाणू यायचे. दुरुस्तीवाला यायचा, सगळं पुसायचा, पुन्हा तीच कुणाची तरी नक्कल केलेली सीडी घालून जायचा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिला झोंबायचं ते हे, की आत काय बिघडलंय हे दुरुस्तीवाल्यालाही कळत नव्हतं. टाइपरायटर बिघडला तर ती स्वतः झाकण उघडून तेल घालायची, वाकलेला टाइप चिमट्यानं सरळ करायची. या डब्याचं झाकण उघडून काही उपयोग नव्हता.

प्रेमदास ट्रक चालवायचा. नागपूरहून येताना वारंगा फाट्यावर गाडी लावून कधीमधी बाळापूरला बहिणीकडं जेवायला यायचा. एक दिवस त्यानं एक इंग्रजी मासिक तिच्यापुढं टाकलं. बहीणभाऊ आपसात गोरमाटीच बोलायचे. पण त्यांचं बोलणं इथं आपण मराठीतच सांगू.

“बाई, क्याबिनमधी कुणी तरी इसरून गेलं. तुज्या मशिनीचं दिसतंय. सीडी बी हाय आत.”

तिनं शब्दकोश घेऊन ते मासिक आठ दिवस वाचलं. कॉम्प्युटर चालवणारी एक लिनक्स जातीची प्रणाली त्या सीडीत होती. जगभरातल्या माणसांनी फावल्या वेळात, बिनपगारी लिहिलेली. कुणीही घ्यावी, कितीही नकला करून वाटाव्यात, आत काय लिहिलंय ते उघडून वाचावं, बदलावं. आणि शेवटी एक ओळ होती: चूक सापडली तर आम्हाला जरूर कळवा. बाकीच्यांनी अशी ओळ वाचून पान उलटलं असतं. शिवकन्यानं तिच्याखाली पेन्सिलनं रेघ मारली.

प्रणाली घालताना पहिल्या दिवशी तिनं एका कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाकलं, वेगपरीक्षेचे उतारेसुद्धा. दुसऱ्या दिवशी पडदा काळाच राहिला. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, पडद्यावर मराठी अक्षरं उमटली आणि ती गल्लीत जाऊन उगाच एक चक्कर मारून आली. महिनाभर विषाणू नाही, बिघाड नाही. तिनं उरलेल्या दोघांनाही तीच सीडी घातली.

मग शेजारच्या गावच्या सोसायटीत लिपिक असलेले भागवत शिंदे एक सूचना टाइप करून घ्यायला आले. छापील कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरला.

“मॅडम, हे काय हाय? ‘शेतकर्यांना कळविण्यात येते’?”

तिनं कागद ओढून घेतला. ‘शेतकऱ्यांना’ असं उमटायला हवं होतं. अर्धा र कोयत्यासारखा ‘य’ला आडवा लागायचा, तो डोक्यावर रफार होऊन बसला होता. खाली ‘दुसर्या’, ‘अपुर्या’. एकूण सात ठिकाणी.

“जुन्यावर बराबर यायचं,” भागवत म्हणाले. ते चांगले माणूस होते, टोमणा मारायचा म्हणून बोलले नव्हते. पण ती कानशिलापर्यंत तापली. तिनं तो कागद फाडला, टाइपरायटरवर बसून, हो, त्या दिवशी ती बसली, सबंध सूचना पुन्हा टाइप करून दिली. टाइपरायटरला त्या अर्ध्या र-ची स्वतंत्र कळ होती. मशीन बनवताना कुणाला तरी तेवढी काळजी होती.

इंटरनेट म्हणजे तेव्हा टेलिफोनची तार. सकाळी सहाच्या वर्गाआधी लाइन जरा बरी असायची. मोडेम किंचाळायचा, लागायचा, तुटायचा, पुन्हा लागायचा. चुका कळवायची जागा तिनं चार सकाळी घालवून शोधली. इंग्रजी तिला यायचं ते वेगपरीक्षेच्या उताऱ्यांतलं. म्हणून तिची तक्रार अशी निघाली, की महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, मराठीतील अर्धा र आपल्या प्रणालीत चुकीचा उमटतो, तरी योग्य ती कार्यवाही होऊन मिळण्यास विनंती. आपली विश्वासू. तक्रारीला पाच आकडी नंबर मिळाला. सरकारी आवक नंबरासारखाच तो तिला वाटला आणि आता सहा महिने बघायला नको, असं तिनं मनाशी धरलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी होतं. जयपूरचा गुलाबचंद नावाचा माणूस देवनागरीच्या तक्रारी बघायचा. त्यानं लिहिलं होतं: र नंतर य आला की रफारच होतो, हेच बरोबर आहे. ही चूक नाही. आणि तक्रारीसमोर शिक्का, ‘बंद’.

त्या दिवशी ती दोन्ही वेळा नीट जेवली नाही. पोळी तव्यावर टाकायची आणि मधेच ओट्यापासून दारापर्यंत जाऊन यायची.

“सोड ना आता,” ओमप्रकाश म्हणाला. “फुकटचं हाय. फुकटच्या मालात काय खोट काढायची?”

“फुकटचं हाय म्हणूनच काढून राहिले. इकतचं असतं तं दुकानात नेऊन आपटलं असतं. हितं त्यांनीच म्हणलंय, चूक कळवा म्हणून.”

“त्यानं सांगितलं ना, चूक न्हाई.”

“तो हिंदीवाला हाय. त्याच्या भाषेत ह्यो र न्हाईच. त्याला तरी कसं कळावं?” हे बोलताना तिचंच तिला उमगलं की गुलाबचंदचा दोष नव्हता. न दिसलेली गोष्ट माणूस कशी मानणार?

नियमांत लिहिलं होतं की बंद झालेली तक्रार पुरावा देऊन कुणालाही पुन्हा उघडता येते. कुणालाही. त्या शब्दावर ती थांबली. आजवर तिनं पाहिलेल्या कुठल्याच कचेरीत हा शब्द नव्हता. तिनं तक्रार पुन्हा उघडली आणि लिहिलं की पुरावा छापील आहे, पाठवू कसा? यावर गुलाबचंदऐवजी तिसराच माणूस बोलला. त्याचं नाव इम्रे. हंगेरी देशातल्या एका गावात तो शाळेत गणित शिकवायचा, आणि अक्षरं पडद्यावर काढायचं काम करणारा प्रणालीचा भाग तो सांभाळायचा. त्यानं लिहिलं, मला ही लिपी वाचता येत नाही. पण तुमचा अर्धा र कसा दिसतो ते कागदावर पाहायला मला आवडेल. खाली घरचा पत्ता दिला होता.

शिवकन्यानं टाइपरायटरवर एक ताव भरला. डावीकडं एक शब्द, उजवीकडं दुसरा. दर्या आणि दऱ्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना. खाली इंग्रजीत अर्थ: हा गुरू, हा स्वयंपाकी, यांना नमस्कार करतात, यांना भाजी किती लागेल ते विचारतात. शाळेच्या पुस्तकाचं एक फाटकं पानही जोडलं. पोस्टात मास्तरांनी पाकीट उलटसुलट केलं.

“हंगेरी? हे कुठं आलं?”

“युरोपात.”

“नातेवाईक हायेत?”

“न्हाई. र-चं काम हाय,” ती म्हणाली. मास्तरांनी पाकिटाचं वजन करून तिकिटं लावली.

पाकीट जायला किती दिवस लागतील हे कुणालाच सांगता येईना. ती रोज सकाळी मोडेम लावून बघायची. प्रेमदास आला तेव्हा ती अशीच खिडकी आणि दार यांच्यामधे हेलपाटे घालत होती.

“त्या लोकांना पगार कोण देतंय?” त्यानं विचारलं.

“कुणीच न्हाई.”

“मंग काहून करून राहिले?”

“ज्याला ज्याची तकलीफ हाय, तो ते नीट करतो. नीट केलं की सगळ्यांचंच नीट होतं.”

“त्यांचा नायक कोण?” तांड्याचा कारभार नायकच बघतो, तिथला माणूस हाच प्रश्न विचारणार.

तिला जरा विचार करावा लागला. “एक न्हाई, भिया. अक्षरांचा येगळा, छपाईचा येगळा, कीबोर्डचा येगळा. जो काम वाहून नेतो त्यो त्या कामापुरता नायक. त्यानं सोडलं तं दुसरा धरतो.”

“आन कुणीच न्हाई धरलं तं?”

 या प्रश्नानं पुढचे कितीतरी दिवस तिला सतावलं.

तेवीस दिवसांनी इम्रेनं तो ताव फोटो काढून सगळ्यांना दिसेल असा लावला. खाली गुलाबचंदचं उत्तर आलं. मी चाळीस वर्षं देवनागरी लिहितो आहे, मला हा र ठाऊक नव्हता. बाईंचं म्हणणं बरोबर आहे, शिक्का मारायची मी घाई केली, माफ करावं. तिनं ते दोनदा वाचलं. मग ओमप्रकाशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “माफी? लेखी?” आणि खात्री करायला स्वतःच पडद्यावर वाचायला वाकला.

पण खरी धावपळ पुढंच होती. प्रणालीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघायची आणि तिच्याआधी एक तारीख ठरलेली असायची. त्या तारखेनंतर नवं काही आत घ्यायचं नाही, नाही तर शेवटपर्यंत कोण काय घुसडेल याचा नेम नाही. यंदाची तारीख होती तीन सप्टेंबर. इम्रेनं ऑगस्टच्या मध्याला दुरुस्ती लिहिली आणि कळवलं, मला मराठी येत नाही, म्हणून ज्याला येते त्यानं तपासल्याशिवाय मी हे आत घालणार नाही. म्हणजे शिवकन्यानं.

तपासायचं तर ती दुरुस्ती आधी उतरवून घ्यायला हवी, मग मशिनीवर तिची बांधणी करून तिला चालतं रूप द्यायला हवं. उतरवायला पाच सकाळी गेल्या. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. बांधणीला तिच्या जुन्या कॉम्प्युटरला सलग चार तास लागणार होते, आणि त्या वर्षी बाळापूरला सलग चार तास वीज ही गोष्टच नव्हती. पहिल्यांदा तीन तासांनी गेली. दुसऱ्यांदा साडेतीन. पडदा काळा झाला तेव्हा तिनं टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पुढच्या रांगेतल्या पोरी टाइप करायच्या थांबल्या. तारीख होती अठ्ठावीस ऑगस्ट.

तिनं वारंगा फाट्यावरच्या टपरीत फोन करून प्रेमदाससाठी निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ट्रकची बॅटरी खांद्यावर घेऊन गल्लीत शिरला. मागून फाट्यावरचा एक ओळखीचा फोटोवाला आपला इन्व्हर्टर घेऊन आला. गाडी फाट्यावर उभी, मालक टपरीत फोन करून राहिला, आणि हा इथं वायरी जोडत बसलेला.

“मालकाला काय सांगितलंस?”

“बॅटरी उतरली म्हणून सांगितलं. खोटं कुठं हाय?”

वीज गेली तेव्हा कॉम्प्युटर चालूच राहिला. संध्याकाळी साडेपाचला बांधणी पुरी झाली. शिवकन्यानं उभ्यानंच टाइप केलं: शेतकऱ्यांना. उमटलं! कोयत्यासारखा आडवा, जिथं हवा तिथं. दुसऱ्या. अपुऱ्या. आचाऱ्यांना. प्रेमदासला वाचता फारसं येत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा वाचता येत होता. तो म्हणाला, “झालं ना? जाऊ मी?” आणि बॅटरी उचलून गेला.

तो गेल्यावर तिनं मोडेम लावून ‘बरोबर उमटतंय’ एवढं कळवलं, मग सवयीनं वेगपरीक्षेचा एक जुना उतारा टाइप करायला घेतला. दुसऱ्याच ओळीत ती थबकली. ‘सूर्य’ हा शब्द ‘सूऱ्य’ असा उमटला होता. कार्य लिहिलं तर काऱ्य. धैर्य, धैऱ्य. इम्रेनं मराठीतले सगळेच रफार मोडून आडवे केले होते! त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की मराठीला दोन्ही लागतात.

तोवर तिकडं अभिनंदनं सुरू झाली होती. गुलाबचंदनं लिहिलं होतं, छान झालं. आणखी कुणीकुणी इम्रेचे आभार मानले होते. इम्रेनं लिहिलं होतं, सुट्टीतले दोन आठवडे सगळे यात गेले, पण समाधान वाटतं.

ती वर्गातून घरी गेली, घरातून वर्गात आली. फुकट राबणाऱ्या माणसाला पुन्हा कर म्हणून कसं सांगायचं? नाही सांगितलं तर काय बिघडणार आहे, शेतकरी तर बरोबर उमटतोय. पण सूर्य? उद्या एखाद्या लेकराच्या पुस्तकात सूऱ्य छापून आला तर तो कुणाच्या नावावर? तपासणारी म्हणून तिथं तिचं नाव होतं. दुसऱ्या सकाळी तिनं लिहिलं, आपल्या परिश्रमाबद्दल ऋणी आहे, तथापि खेदपूर्वक कळविण्यात येते. आणि खाली शब्दांची यादी.

उत्तर नाही. एक तारीख गेली, दोन गेली. तीन सप्टेंबरला दरवाजे बंद झाले आणि अर्धा र बाहेर राहिला. तरीही उत्तर नाही. तिचं कशात लक्ष लागेना. एका पोरीला तिनं विनाकारण झापलं, मग तिलाच चहा पाजला. आपण एका चांगल्या माणसाला वैतागून हाकलून लावलं, असंच ती धरून चालली. प्रेमदासचा प्रश्न आता तिच्या डोक्यात घण घालत होता. कुणीच नाही धरलं तर?

नवव्या दिवशी इम्रेचं पत्र आलं. शाळा नुकतीच उघडली होती, घरी बाळ झालं होतं, यंत्रासमोर बसायलाच मिळालं नव्हतं. रागाचा एक शब्द नाही. उलट त्यानं विचार केला होता. यंत्राला अर्थ कळत नाही, त्यानं लिहिलं. आचारी की आचार्य हे त्याला कधीच ओळखता येणार नाही. लिहिणाऱ्यानंच वेगळी खूण द्यायला हवी. अक्षरांच्या जागतिक यादीत तुमच्यासाठी खाली टिंब असलेला एक वेगळा र आहे, त्याचा अर्धा केला की तुमचा कोयता उमटावा, असं मी करतो. पण त्याला कीबोर्डवर कळ लागेल. तुमच्या टाइपरायटरवर काय होतं?

ती टाइपरायटरपाशी गेली. काय होतं? स्वतंत्र कळ होती! इतकी वर्षं बोटाखाली असलेली गोष्ट तिला सुचली नव्हती.

कळ कुठं ठेवायची यावरून पुढं तीन महिने वाद झाला. पुण्याच्या एका इंजिनिअरनं ती वरच्या कोपऱ्यात असावी असं म्हटलं आणि त्याची कारणंही चांगली होती. त्याचं इंग्रजी तर असं घोटीव की शिवकन्याला आपली पत्रं मागं घ्यावीशी वाटायची. तिनं एवढंच लिहिलं, की परीक्षा दिलेल्या टंकलेखकाचं बोट अमुक जागी आपोआप जातं, आणि असे हजारो टंकलेखक आहेत. त्यांना पुन्हा शिकायला लावू नये. मतदान वगैरे काही झालं नाही. इम्रेनं विचारलं, पुढच्या प्रत्येक आवृत्तीला हा कीबोर्ड तपासून तक्रारींना उत्तरं कोण देणार? इंजिनिअरनं प्रामाणिकपणे लिहिलं की मला वेळ नाही. शिवकन्यानं लिहिलं, मी. कळ टाइपरायटरच्या जागी बसली.

ती आवृत्ती दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये निघाली. आत एका यादीत कीबोर्ड सांभाळणारीचं नाव आणि गावाचं नाव होतं. ओमप्रकाशनं ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. भागवत शिंदे सूचना टाइप करून घ्यायला आले, कागद डोळ्यांजवळ धरला, सगळा वाचला आणि म्हणाले, “मॅडम, हे आमच्या सोसायटीतल्या डब्यात बी घालता का? आमच्यातल्या इषाणूनं जीव काढलाय.” तिनं घातलं. त्यांच्याकडं बघून आणखी दोन गावच्या लिपिकांनी सीडी मागून नेली. त्यांना प्रणाली कुणी लिहिली, फुकट का वाटली, याच्याशी घेणंदेणं नव्हतं. डबा अडत नाही आणि अक्षर चुकत नाही, एवढ्यावर ती गावोगाव गेली. प्रेमदास सीड्यांचा गठ्ठा क्याबिनमध्ये ठेवायचा आणि फाट्यावर जो मागेल त्याला द्यायचा.

दोन हजार सातमध्ये औंढा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेला नवे अकरा कॉम्प्युटर मिळाले. मुख्याध्यापिका मिराबाई चव्हाण यांनी शिवकन्याला बोलावलं. दोन दिवस राहून तिनं अकराही चालू केले, कार्यालयातल्या जुन्या डब्यातही तीच सीडी घातली. पोरांनी पडद्यावर स्वतःची नावं मराठीत लिहिली, तेव्हा ती वर्गाच्या मागं उभी राहून एकेकाचं स्पेलिंग बघत होती. पण पुढल्या वर्षी मुलांना संगणकाची एक परीक्षा सक्तीची झाली आणि ती दुसऱ्याच प्रणालीवर घ्यायची होती. बाहेरून माणूस आला आणि एका दुपारी वर्गातले अकराच्या अकरा पुसून गेला.

मिराबाईंनी फोनवर सांगितलं. “माझा इलाज चालला न्हाई, शिवकन्या. लेकरांचं वर्ष वाया गेलं असतं.”

“तुमचं बराबर हाय,” ती म्हणाली. फोन ठेवला आणि पायात चपला अडकवून रस्त्यानं चालत सुटली, नांदेडच्या दिशेनं, थेट पुढच्या गावच्या फाट्यापर्यंत. कुणाला दोष द्यावा ते तिला कळत नव्हतं. बाजारात जे चालतं ते शिकवायला हवं, हे तिच्यासारख्या टाइपरायटरवाल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती.  इम्रेला तिनं हे लिहिलं. त्यानं लिहिलं, आमच्या शाळेतही तसंच झालं.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात केंद्रात टाइपरायटर चारच उरले होते आणि कॉम्प्युटर सात. सातातले चार परीक्षेच्या प्रणालीवर, तीन तिच्या. ती आता चाळिशीला टेकली होती, गुडघे बोलू लागले होते, पण खुर्चीत अजून पर्सच असायची. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती तपासून ती उत्तर पाठवायची. कुणी नेपाळहून, कुणी नागपुराहून तक्रार करायचं. काही तक्रारी मूर्खपणाच्या वाटायच्या आणि ती ‘बंद’चा शिक्का मारायला हात पुढं करायची, मग हात मागं घेऊन आधी पुरावा मागायची.

एका सकाळी त्याच आश्रमशाळेच्या कार्यालयातून लिपिक लालसिंग यांचा फोन आला.

“मॅडम, तुमी घातलेल्यातला एक डबा मी पुसू दिला न्हाई. आफिसातला हाय, परीक्षेचा न्हाई म्हणून सांगितलं. सगळे कागद त्याच्यावरच काढून राहिलोय.”

ती उभ्या उभ्याच टेबलाला टेकली. “मला कुणी बोललं न्हाई.”

“बोलायचं काय त्यात. पण आता नवा प्रिंटर आलाय, आन ह्यो त्याला वळखतच न्हाई. दोन दिस झाले. कागद अडलेत.”

“कोणता प्रिंटर? मागं पट्टीवर नंबर असंल, त्यो वाचा.”

लालसिंगनं आकडे वाचले. तिनं ते एका पोरीच्या वेगपरीक्षेच्या कागदाच्या पाठीमागं लिहून घेतले. छपाईचा भाग सांभाळणाऱ्या माणसाशी तिची ओळख नव्हती. तो ब्राझीलचा आहे आणि फटकळ आहे, एवढंच ऐकून होती. तिनं पर्स खुर्चीवरून उचलून खाली ठेवली, खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली, मग ती न वापरताच वाकून टाइप करायला लागली: महोदय, वरील विषयास अनुसरून.